हॉलच्या मधोमधचं कपाट

दादा,

हे पत्र टाकणार नाहीये, म्हणूनच खरं लिहिते.

घर विकायच्या आधी तपासणीला इंजिनिअर आले होते. तुझ्या लग्नाआधी मोठा हॉल हवा म्हणून तू जी भिंत पाडलीस, तिच्यावरच वरच्या मजल्याचा भार होता. तिच्या जागी तू तुळई घातलीच नाहीस. "मग छत उभं कसं?" म्हणत त्यांनी बाबांचं कपाट उघडायला सांगितलं. बाबा गेल्यापासून ते बंदच होतं.

तेच, मधोमध ठेवलेलं, छताला टेकलेलं. "म्हाताऱ्याचा हट्ट, दुसरं काय!" असं तू पाहुण्यांसमोर म्हणायचास. मीही हसायचे. बाबा किल्ली खिशात चाचपत गप्प बसायचे.

आत कपडे नव्हतेच. जमिनीपासून छतापर्यंत लोखंडी खांब होता.

"भिंत कोणी पाडली?" इंजिनिअरांनी विचारलं.

इतकी वर्षं बाबांनी तुझी चूक झाकली. माझ्याही तोंडून निघून गेलं, "बाबांनी."

"पाडली आणि वरून ते लपवलंही! फारच बेजबाबदार गृहस्थ," म्हणत त्यांनी तसं लिहून घेतलं.

मी गप्प बसले. किल्ली माझ्या मुठीत होती.

तुझी म्हणवत नाही,
धाकटी