सुमनच्या टोळीला न आलेला टेम्पो

बुधवार, मतदानाचा दिवस. संध्याकाळ.

राग अजून गेलेला नाही. ऊसतोडीला राहुरीकडे गेलेल्या आमच्या गावच्या लोकांना मतदानासाठी आणायला मुकादमाने आज टेम्पो पाठवले. फक्त सुमनची टोळी वगळली. का, तर ती माणसं विरोधी उमेदवाराला मत देतील! वर केंद्राबाहेर मलाच ऐकवतो, "बाई, औंदा मतदान लई झालं बघा."

"तू आणलंस तेवढंच झालं," मी म्हणाले. "माझ्या वर्गातही तू असाच होतास. दुसऱ्याच्या पाटीवरचं पुसायचं आणि आपली दाखवायची."

हसला निर्लज्जासारखा.

सुमन गावात असते तेव्हा माझ्याकडे कामाला येते. मत चुकवू नकोस, हे दर निवडणुकीला मीच तिला बजावते. काल तिने फोन केला होता. "बाई, आमाला टेम्पो न्हाई म्हनत्यात. तुमची गाडी हाय, याल का?"

बघते, म्हणाले. काय बघितलं? गुडघे दुखतात, रस्ता खराब... गाडी दिवसभर अंगणात उभी. मुकादमाला झापताना ती गाडी आठवली नाही मला. खोटं. आठवली होती, म्हणूनच आवाज इतका चढला.

लहानपणी कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, जे करायचं राहिलं त्याचीही कबुली द्यावी लागते. कोणाला देऊ?

आत्ता सुमनचाच फोन येऊन गेला. तक्रारीचा एक शब्द नाही.

"बाई, तुमचं झालं का मतदान?"

"झालं."

"बरं झालं. गुडघं दुखत असून बी गेलात."