लागलं!

३ डिसेंबर

चि. भिंगरीस आईचे पोटभर आशीर्वाद आणि बाळाचा एक पापा.

आम्ही दोघं ठीक आहोत. फोनचा टॉवर पहिल्या वादळातच आडवा झाला, त्यामुळे आता बर्फ वितळेपर्यंत पत्रांवरच भागवायचं. नांगऱ्या टपाल खाली नेतो आणि वर आणतो. घाटातला बर्फ ढकलायचं यंत्र चालवून त्याचं अंगही त्या यंत्रासारखंच झालंय, पण तुझं पत्र मात्र स्वेटरच्या आत ठेवून कोरडं आणून दिलं. माझं अक्षर बघून हसू नकोस. भाजी चिरताना उजव्या हाताची बोटं कापली, म्हणून डाव्या हाताने गिरवतेय. पहिलीतल्या पोरीसारखी जीभ बाहेर काढून लिहायला लागतं.

आपल्या घोरपड गाडीची थंडीची तयारी जोरात आहे. तुझे बाबा गेले कित्येक दिवस त्या गाडीच्या पोटाखालीच राहायला गेलेत. इंजिनात पातळ तेल भरून झालं, न गोठणारं कूलंट घालून झालं, बॅटरीला जुन्या ब्लँकेटचा अंगरखा झाला. रस्त्यावरचं मीठ खालचा पत्रा खातं, म्हणून घासूनपुसून काळा लेप दिलाय. चारही चाकं ओढायला लावणारा तो छोटा लिव्हर पुन्हा पुन्हा टाकून बघतात आणि मला हाक मारतात, "ऐक! हूं की चूं नाही. इतकी शांत ती नवी असतानाही नव्हती!"

मी ऐकते. मला मागच्या चाकातून कुरकुर येते. तसं म्हटलं तर म्हणाले, "तुझे कान तपासून घे आधी."

बाळासाठी मागच्या सीटवर लाकडी बैठक ठोकलीय, पट्ट्यांसकट. तिच्यात बटाट्यांचं पोतं बांधून गावभर फिरवून आणलं. लोक विचारत होते, नातू कुणावर गेलाय म्हणून.

पण मी म्हणते, एवढी घाई कशाला? यंदा थंडी कडक आहे, बाळाची छाती नाजूक, आपली शेगडी धूर करते. बर्फ वितळल्यावर ये आणि निवांत राहा. विचार कर.

तुझी आई

१० डिसेंबर

भिंगरे,

"आई, मी नकोशी झालेय का?" असं लिहायला तुझा हात तरी कसा धजावला? जावई बोटीवर, तू त्या दोन खोल्यांत तान्ह्या जिवाला घेऊन एकटी. मला काय कळत नाही? तुला जवळ घ्यावंसं वाटत नाही, असं वाटलं तुला?

नांगऱ्या खाली उतरल्यावर त्याला फोन करून तू माझ्या हाताची चौकशी केलीस म्हणे. तो मेला पोटात काही ठेवील तर शपथ. बरं बाई, भाजी चिरताना नाही कापली. बॉनेटखाली चेपली. तू काळजी करशील म्हणून भाजीचं लिहिलं. नर्सबाईंनी पट्ट्या लावून बांधून दिलंय. झालं समाधान?

परवा त्यांच्याकडूनच परत येताना घाटात तुझ्या बाबांचं आणि नांगऱ्याचं वाजलं. घाटाची रीत तुला माहीत आहे. वळणाआधी हॉर्न द्यायचा, आणि पलीकडून हॉर्न आला तर रुंद जागा बघून थांबायचं. त्याखेरीज तिथे दुसरा इलाज नाही, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नांगऱ्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. बाबा कुठल्याशा जुन्या टायरची गोष्ट सांगत तसेच वर चालले होते. मी त्यांची बाही धरून ओढली तेव्हा कुठे ब्रेक मारला. घोरपडीचं नाक त्याच्या पोलादी पात्याला जवळजवळ टेकलंच.

बाबा उतरून त्याच्यावरच ओरडले, "हॉर्न द्यायला काय पैसे पडतात?"

"काका, दरी घुमली माझ्या हॉर्नने!"

"मग दरीत वाजवलास असशील. रस्त्यावर वाजव!"

नांगऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वारं होतं, नसेल ऐकू आलं. वारं नव्हतं.

तू तिकीट काढू नकोस. हात जोडते. कारण विचारू नकोस.

आई

१९ डिसेंबर

भिंगरे,

शेवटी तू तुझ्या बापाचीच लेक. "तिकीट काढलंय, शनिवारी पायथ्याला उतरेन, बाबांना सांग." सांगितलं. आता तुलाही सांगायलाच हवं. हे पत्र नांगऱ्या तुला स्वतः आणून देईल, तसं वचन घेतलंय.

टॉवर चालू होता तेव्हा तुझा फोन आला की बाबा दोन वाक्यांत "रेंज नाही" म्हणून माझ्या हातात द्यायचे, आठवतं? रेंज चांगली होती. तुझ्या बाबांना ऐकू येत नाही गं. समोर बसून बोललं तर चालून जातं. पण हॉर्न, चाकाची कुरकुर, पाठीमागून मारलेली हाक, सगळं गेलंय. आणि हा माणूस म्हणतो, गाडी शांत झाली!

माझी बोटं बॉनेटखालीही चेपली नाहीत. बर्फात चाकं घसरू नयेत म्हणून साखळ्या चढवायची आमची पद्धत तू लहानपणापासून बघितलीस. ते सीटवर, मी चाकाशी. साखळी टायरवर पांघरायची, हुक अडकला की मी "लागलं!" म्हणून ओरडायचं, मग ते गाडी हातभर पुढे घेणार आणि मी दुसरा हुक अडकवणार. लग्न झाल्यापासून दर हिवाळ्यात हा एकच शब्द. त्या दिवशी गाडी बर्फावर किंचित सरकली आणि माझी बोटं साखळीत सापडली. मी किंचाळले, "लागलं! लागलं!"

आणि त्यांनी गाडी पुढे घेतली.

तो आवाज ऐकणाऱ्या कुणालाही कळलं असतं की हे हुकाचं लागणं नव्हे. शेजारीण चुलीवरचं टाकून बाहेर आली. तुझ्या बाबांच्या कानावर तो पडलाच नव्हता. ते आरशात माझे ओठ बघत होते. टोपी कपाळावर ओढून मी खाली वाकलेली, चेहऱ्यात दिसत होते ते ओठच. मग धावत आले, मला उचललं, ढसाढसा रडले. "मी घाई केली का गं?" मी म्हटलं, माझाच पाय घसरला.

का म्हटलं? कारण गाडी हातातून गेली तर हा माणूस खिडकीत बसून झिजेल, याची मला बोटांपेक्षा जास्त भीती वाटली. पण तुझ्या तिकिटाचं ऐकून ते बाळाच्या पट्ट्या पुन्हा ओढून बघायला लागले, खुशीत शीळ घालत, तीही बेसूर. माझ्या डोळ्यांसमोर ते वळण आलं. पात्यासमोर बाळ आलं. मग माझ्याच्याने राहवलं नाही.

म्हटलं, चला, साखळ्या एकदा बसवून बघू. ते सीटवर बसले. मी चाकाशी वाकले, पण हात दोन्ही पाठीमागे धरले. आरशात बघितलं आणि ओठ हलवले. "लागलं." आवाज काढला नाही. कुजबुजलेसुद्धा नाही.

गाडी पुढे आली.

मी उठून खिडकीशी गेले. त्यांनी काच खाली करून विचारलं, "काय गं? बसला ना हुक?"

"मी आवाजच काढला नव्हता."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. इंजिन बंद केलं. मग त्यांची नजर माझ्या हातावरच्या पट्टीवर गेली. "म्हणजे त्या दिवशी..." म्हणाले. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती. आणि तरी सांगते, पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

जेवले नाहीत. दुपारी बघते तर मागचं चाक जॅकवर. मला खुणेने बोलावलं, "फिरव." मी डाव्या हाताने चाक फिरवलं, त्यांनी तळवा आतल्या बाजूला टेकवला आणि डोळे मिटले. "आहे. खडखड आहे. तू म्हणत होतीस." संध्याकाळपर्यंत बेअरिंग बदललं, हात धुतले, स्वच्छ कोट घातला आणि थेट नांगऱ्याच्या शेडवर. मी मागोमाग.

"शनिवारी माझ्या लेकीला आणि नातवाला तू आण," म्हणाले. "गाडी माझी ने. तिच्यात खोट काढायला जागा ठेवलेली नाही. खोट माझ्यात आहे."

नांगऱ्या म्हणाला, "काका, तुम्ही शेजारी बसा की."

"नको रे. शेजारी बसलो तर शिकवत बसेन."

चावी त्याच्या हातात ठेवताना बाबांची मूठ लवकर उघडली नाही. तो बिचारा हात पसरून नुसता उभा राहिला. तू परत जाशील तेव्हा तुझ्याबरोबर खाली कानाच्या डॉक्टरकडे यायला कबूल झालेत. कुरकुरत, पण झालेत.

तेव्हा ये. बाळाला नीट गुंडाळ, पट्ट्या आवळ, आणि नांगऱ्या बडबड करायला लागला तर त्याला समोर बघायला सांग.

आता पत्र बंद करायच्या आधी ते माझी पट्टी बदलत होते. जखमेला चिकटलेला कापूस हळूहळू सोडवत होते, आणि नजर बोटांवर कमी, माझ्या तोंडावर जास्त. एका ठिकाणी कळ आली. मी नुसतेच ओठ हलवले, "लागलं."

त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

शनिवारी ते दारात उभे असतील. मागून हाक मारू नकोस. समोर ये, तुझं तोंड त्यांना दिसू दे, आणि मग "बाबा" म्हण.

यापुढे खरं तेच लिहीन.

तुझी,
आई