बिनसिमेंटची भिंत

कॉव्हेंट्री,
रविवार, १४ मे २००६

प्रिय रघुवीर,

सकाळीच तर फोनवर पोटभर बोललो आणि दुपारी ही बाई पत्र कसलं लिहायला बसली, असं म्हणशील. म्हण. लग्नाआधी तू मला लांबलचक पत्रं लिहायचास आणि मी चार ओळींत उत्तर द्यायची, त्याची भरपाई समज. तब्येत उत्तम. गुडघा गप्प आहे. जेवण वेळेवर. पोळ्या मात्र आठवड्याच्या एकदम करून फ्रीझरमध्ये टाकते. तू नाक मुरडशील म्हणून हे फोनवर सांगितलं नव्हतं.

बाहेर ऊन आहे. म्हणजे इथलं ऊन, अंगाला लागत नाही, नुसतं दिसतं. तू जाण्याआधी ज्याला ‘हे काही जगत नाही’ म्हणून शिव्या घातल्यास, ते सफरचंदाचं झाड यंदा पहिल्यांदा नीट फुललंय. खिडकी उघडी ठेवली की पाकळ्या थेट सिंकमध्ये येऊन पडतात. मी भांडी विसळता विसळता थांबते आणि बघत राहते. कधी वाटतं, मी या घरात राहतच नाही, खरी मी बावधनच्या फ्लॅटमध्ये झोपले आहे आणि हे सगळं मला तिथून दिसतंय. कधी नेमकं उलटं वाटतं. संध्याकाळी साडेनऊपर्यंत उजेड असला की माणसाचं असंच होतं बहुतेक.

तू ईमेलवर पाठवलेले फोटो परत परत पाहिले. फरशी सुंदर आहे. माझ्या टेबलासाठी खिडकीपाशी जागा सोडलीस, तीही पाहिली. तिथे तू झाडू उभा करून ठेवलायस, तो तेवढा हलव. जुलैच्या तिकिटाचं तू परत विचारलंस. त्यावर येते मी. आधी बाकीचं लिहू दे.

तुला आमच्या कॉलेजच्या भानगडी ऐकायला आवडतात. तू नोव्हेंबरात पुण्याला गेलास आणि खरी मजा जानेवारीत सुरू झाली. तुकड्या तुकड्यांनी फोनवर सांगितलंय, पण त्यात रंग भरला नव्हता. एका सोमवारी सकाळी ईमेल आली की आपल्या प्रिन्सिपॉल मार्गारेट हॅलोवे ‘इतर आवडींना वेळ देण्यासाठी’ जात आहेत. बारा वाजेपर्यंत पेपरचा फोटोग्राफर गेटवर हजर. मार्गारेटबाईंना इतर कुठलीच आवड नव्हती हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेज चालवणाऱ्या गव्हर्नर मंडळींशी त्यांचं फाटलं होतं, बस. मग रोज संध्याकाळी पेपरात काहीतरी. कॉलेज दुसऱ्या कॉलेजात विलीन होणार. डेप्युटी जाणार. सुतारकाम बंद, विटकाम बंद. स्टाफरूममध्ये सगळे पेपरवर वाकलेले, आपल्याच ऑफिसात काय चाललंय ते कळावं म्हणून! दोन डेप्युटींपैकी एक खरंच गेला, दुसरी मी. मग गव्हर्नरांनी मला गळ घातली, जुलैपर्यंत सांभाळा. तू फोनवर म्हणालास, “सांभाळ की, तसंही जुलैला निघायचंच आहे.” आपण दोघंही हसलो होतो.

दारावर मार्गारेटची पितळी पाटी तशीच होती. तिच्यावर माझ्या नावाचा कागद चिकटवला, त्या निळ्या चिकट गोळ्यांनी. कॉरिडॉरमधल्या वाऱ्याने तो पडायचा. येता-जाता कोणी ना कोणी उचलून परत लावायचं.

या महिन्यांत मला एक सवय लागली. मी भल्या सकाळी कॉलेजात जाते, कोणी नसताना. म्हणजे बेकरी शिकणारी मुलं सोडून कोणी नसताना. पावाचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो. केस कापायला शिकवतात त्या सलूनच्या खिडकीत ती सरावाची प्लास्टिकची डोकी ओळीने ठेवलेली असतात, ओल्या केसांची, आणि त्यांच्यावर गुलाबी उजेड पडलेला असतो. दुपारी मुलंच चालवतात त्या रेस्टॉरंटमध्ये जेवते. परवा एका मुलीने माझ्यासमोर सूपचा बोल असा हळूच ठेवला, जणू त्यात कोणाचं तरी बाळ झोपलंय. सगळी मुलं काहीतरी चुकत चुकत शिकत असतात आणि मी त्यांच्यामधून चालत जाते. किती वेळ गेला हे मला कळत नाही. घरी यायचं लक्षात राहत नाही.

गेल्या आठवड्यात स्वप्न पडलं. मी बावधनच्या फ्लॅटचं दार उघडलं, तर आत आमचा कॉरिडॉर. सलूनमध्ये तू गळ्याला टॉवेल बांधून बसलेला, दोन पोरी तुझे उरलेसुरले केस कापतायत. मी विचारलं, “तू इथे कसा?” तू म्हणालास, “अगं, आत कोणीतरी भिंत बांधतंय. वाळेपर्यंत थांबायला सांगितलंय.” आणि तू इतका शांत बसला होतास की मीही शेजारच्या खुर्चीत बसले.

भिंत आठवते ना तुला? दर बुधवारी मला न्यायला यायचास आणि गाडी लावून थेट विटकामाच्या शेडमध्ये जाऊन उभा राहायचास. विटकाम शिकवणाऱ्या डेसची मुलं छातीएवढी भिंत बांधायची, डेस लेव्हल लावून मार्क द्यायचा, आणि मग ती भिंत पाडायची. सराव म्हणून मिश्रणात सिमेंट घालायचंच नाही, फक्त चुना आणि वाळू. विटा खरवडून पुढच्या मुलांसाठी रचून ठेवायच्या. इंजिनिअर माणूस तू, पहिल्या वेळी तर कळवळलासच. “अहो, इतकी सरळ भिंत पाडता?” असं चक्क मराठीत म्हणालास त्या बिचाऱ्या डेसला.

त्या रात्री जेवताना म्हणालास, “मधू, आपलं इथलं घर असंच आहे बघ. बिनसिमेंटचं. मनात आलं की विटा उचलायच्या आणि चालू पडायचं.” तुझी फॅक्टरी बंद होणार हे तेव्हा नुकतंच कळलं होतं. मला ते वाक्य ऐकून इतकं हलकं वाटलं! मग ते आपलं घरगुती बोलणंच झालं. सोफा घ्यायचा तर बिनसिमेंटचा. किचनची कपाटं बदलायची नाहीत, उगाच सिमेंट कशाला? कितीदा हसलो आपण त्यावर. तू निघालास तेव्हा एअरपोर्टवरसुद्धा म्हणालास, “माझ्या विटा झाल्या उचलून, आता तुझ्या.”

रघुवीर, तिकीट काढलेलं नाही.

आता लिहूनच टाकते. प्रिन्सिपॉलच्या पदाची मार्चमध्ये जाहिरात आली आणि मी अर्ज केला. तुला सांगितलं नाही. स्वतःला म्हटलं, मिळणार थोडंच आहे, मग उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला? इंटरव्ह्यूला निघाले तेव्हाही हेच म्हणत होते. पण आत गेल्यावर, त्या लांब टेबलाशी बसल्यावर, मला कळलं की मला ही नोकरी हवी आहे. अगदी पोटातून हवी आहे. बुधवारी संध्याकाळी गव्हर्नरांच्या चेअरमनचा फोन आला की तुमची निवड झाली. मी म्हटलं, सोमवारी सही करते, विचार करू द्या. ते म्हणाले, जरूर, आणि त्याच रात्री पेपरला बातमी पाठवून मोकळे झाले.

गुरुवारी जेम्मा म्हणून एक मुलगी आली, आपल्या ऋजुताच्या वयाची, पेपरात नवीनच लागलेली. तिला फोटो हवा होता विटकामाच्या शेडमध्ये. अंबाड्यावर हेल्मेट काही केल्या बसेना. डेसने हातात थापी दिली, मी वीट ठेवली. वाकडी बसली. सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि त्या हसण्यातच जेम्माने विचारलं, “लोक म्हणतात या कॉलेजात वरच्या खुर्चीवर कोणी टिकत नाही. आर यू हिअर टू स्टे?”

मी म्हटलं, “येस. आय अ‍ॅम हिअर टू स्टे.”

क्षणाचाही विचार न करता. तोंडून गेलं आणि खरं झालं. शुक्रवारी तोच मथळा, एवढाल्या अक्षरांत, आणि खाली हेल्मेटमधली मी. जे तुला आधी सांगायचं ते मी एका अनोळखी पोरीला सांगितलं. अर्जाबद्दल मला वाईट वाटत नाही. ह्याचं वाटतं. फार वाटतं.

संध्याकाळी ग्लासगोहून ऋजुताचा फोन. ड्यूटीवरून, धापा टाकत. “आई, वेबसाइटवर तुझी फोटो आली! आय अ‍ॅम सो प्राउड. बाबाला सांगितला का?” मी म्हटलं, सांगणार आहे. तर ती म्हणाली, “मम, बाबा रीड्स इट एव्हरी मॉर्निंग.”

बघ माझी अक्कल. मला वाटलं होतं, कॉव्हेंट्रीचा पेपर पुण्यात कोण वाचतंय? आणि माझाच नवरा, जो वीस वर्षं तो पेपर वाचकांच्या पत्रांपासून मयतांपर्यंत वाचत आला, जो आता बावधनला सकाळच्या चहाबरोबर कॉम्प्युटर उघडतो आणि इथे पाऊस पडल्याचं मलाच फोन करून सांगतो, तो मी विसरले.

आज सकाळी तू प्लंबरबद्दल बोललास. सोसायटीच्या मीटिंगबद्दल, गॅलरीत येणाऱ्या पोपटांबद्दल. पेपरबद्दल एक अक्षर नाही. माझ्याही तोंडाला कुलूप. मग म्हणालास, “मधू, दाराची पाटी करायला टाकायची आहे. दोघांची नावं घालू ना?” मी म्हटलं, “घाल की, विचारतोस काय?” मग अगदी सहज विचारल्यासारखं, “आणि ती भिंत? पाडली का?” मी म्हटलं, “अजून नाही.” तू म्हणालास, “बरं.” आणि फोन ठेवलास.

रिसिव्हर ठेवला तेव्हा मला कळलं, तू बातमी वाचली होतीस. तू मला सांगायला जागा करून देत होतास आणि मी पाटीवर नाव घाल म्हणाले.

तर आता नीट सांगते. मी उद्या सही करणार आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा ती झालेली असेल, आणि हे मी मुद्दाम करते आहे. फोनवर सांगितलं असतं तर तू ‘ठीक आहे’ म्हणाला असतास. तुझं ते ‘ठीक आहे’ ऐकून मी सही केली नसती, आणि मग ते तुला मरेपर्यंत माफ केलं नसतं. हा जुना हिशेब चुकता करते आहे असं समजू नकोस. तुझ्या नोकरीचं बोट धरून इथे आले ती आनंदाने आले. पण या वयात पहिल्यांदा कोणीतरी दार उघडून माझं नाव घेतलंय, रघुवीर, आणि मला आत जायचं आहे. आणि मला तूही हवा आहेस. रोज, समोर, पेपर वाचताना. दोन्ही एकदम. राग येत असेल तर येऊ दे.

परत ये असं मी म्हणणार नाही. फॅक्टरी गेल्यानंतर या गावात तू कसा फिरत होतास ते मी पाहिलंय. ऑगस्टमध्ये मी येते, जेवढी रजा मिळेल तेवढी. समोर बसून हवं ते बोल. पोपटही दाखव.

भिंत या आठवड्यात पाडतील. पाडायलाच हवी, पुढच्या मुलांना विटा लागतात. माझी वाकडी वीटही त्यांतच जाईल.

पाटीचं मात्र सकाळी खोटं बोलले, ते दुरुस्त करते. तिच्यावर तुझं एकट्याचंच नाव घाल. जिथे मी राहत नाही त्या दारावर माझं नाव नको. पण खाली एका ओळीची जागा मोकळी सोड. पाटीवाला विचारेल, साहेब, एवढी रिकामी जागा कशाला? त्याला काय सांगायचं, ते तुझ्यावर सोपवते.

तुझीच,
मधू