कडेलोट कंपनीचं शेवटचं प्रकरण

मी, श्रीमती साळुबाई चांगदेव लेंडे, वय बहात्तर, निवृत्त प्राथमिक शिक्षिका व चोरांच्या कादंबऱ्यांची लेखिका, राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो खास पुतण्या आदेश याच्यासाठी, कारण त्याला शंका आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. शेवटची कादंबरी अर्धवट आहे. मी परत आले नाही तर आदेश तिचं काय करील, या काळजीने जीव टांगणीला लागला आहे.

१. राहतं घर व मागची मोकळी जागा आदेशला. मोरीतला नळ गळतो. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, आता स्वतःच्या घराचा म्हणून तरी तो दुरुस्त करील.

२. शिलाई मशीन शेजारच्या ठमाबाईला. ते तिच्याच घरी आहे. उसनं नेलं होतं.

३. माझ्या 'कडेलोट कंपनी' मालिकेचे सर्व हक्क आदेशची मुलगी श्रेया हिला. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार वकील पाहतील, तिचे वडील नव्हेत. त्यातली चौदा-पंधरा वर्षांची चार चोर पोरं आणि त्यांची म्होरकी चिमी यांनी आदेशचं काय घोडं मारलंय, देव जाणे. पोरीच्या हातून पुस्तकं काढून त्याने कपाटात कोंडली. वर कुलूप. तसलं कुलूप चिमीने दुसऱ्याच भागात केसांच्या पिनेने उघडलं आहे. श्रेयाने तो भाग वाचलेला आहे.

आदेश हल्ली पतसंस्थेत मॅनेजर आहे आणि दर रविवारी मला संस्कार शिकवायला येतो. "काकू, पोरास्नी शेवटी पोलिसात द्या न् मिटवा. लोकं काय म्हणत्यात?" मी नाही म्हटलं की म्हणतो, "मग तुमच्या माघारी शेवट मी बदलून घेईन." म्हणून हा कागद.

४. एक जुनी गोष्ट इथे नोंदवून ठेवते. पहिला भाग वाचून आदेशने, तेव्हा तो नववीत होता, भरदुपारी बिरदेवभाऊंच्या कळपातलं कोकरू उचललं. पुस्तकात चिमी कोकरू चोरते तेव्हा आधी त्याच्या आईला बांधून ठेवते, हे स्पष्ट लिहिलं आहे. याने ते पान गाळलं. पानं गाळून वाचायची त्याची खोड जुनीच. मेंढी कोकरामागे निघाली, मेंढीमागे अख्खा कळप, आणि सगळी वरात हायवे ओलांडून याच्या दारात. बापाने आळीसमोर झोडपला.

बिरदेवभाऊ मागून धावत येत होते. त्यांनी मला नंतर सांगितलं, "वैनी, कोकरू टाकून पळाला आसता तर घावला नसता. पण हायवेवर टाकलं आसतं तर मेंढी तितंच थांबली आसती, न् समदी तिच्याभवती. ट्रक लई जोरात येत व्हते. पोरानं वळून बघितलं, न् कोकरू छातीशी धरून सरळ घराकडं गेला." त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला. त्याला मात्र अजून फक्त मारच आठवतो, आणि त्याचा राग तो माझ्या पोरांवर काढतो.

टोळीतला बारक्या मी त्याच्यावरूनच लिहिला. आदेशच्या लक्षात आलेलं नाही. पानं गाळतो ना.

५. शेवटच्या कादंबरीत बारक्या किल्ल्याच्या पायऱ्यांवर उभा आहे. बाकीचे मागे अडकलेत, पुढे वाट मोकळी आहे. माझ्या हातून राहिलंच, तर हे शेवटचं प्रकरण लिहिण्याचा हक्क मी आदेशला देते. त्याला बारक्याला पोलिसात द्यायचं असेल तर खुशाल द्यावं. अट एकच. लिहायला बसण्याआधी श्रेयाला समोर बसवून कोकराची गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायची. हायवे न गाळता.

हे मृत्युपत्र मी खालील साक्षीदारांना वाचून दाखवलं. त्यातले एक मध्येच डोळे पुसायला उठले होते, ते परत येऊन बसल्यावर मी त्यांच्यासमोर सही केली.

सही: साळुबाई चांगदेव लेंडे

साक्षीदार:
१. सावळेराम वाघ, निवृत्त पोस्टमन, पिंपळवंडी
२. बिरदेव कोळेकर, मेंढपाळ, कोकराचे मालक

स्थळ: पिंपळवंडी
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४