धूर कोल्हारला आलाच नव्हता

मुंबई, एप्रिल १९७३

आक्का, तुझ्या पाया पडून कानिफ लिहितो.

मी मजेत आहे, आईला सांग. वेधशाळेत उपग्रहाचे फोटो येतात. त्यांवरून सातपुड्यातल्या वणव्याचा धूर कुठवर पसरला ते मी नकाशावर काढतो. दादांना म्हणावं, कॉलेज सोडून वाया नाही गेलो.

तू लिहिलंस, रामनवमीला त्या धुरानं माझ्या शशीचे डोळे वाहत होते आणि बन्सीनं तिला आपला रुमाल दिला. लई डोकं फिरलं! त्या दिवसाचा फोटो शोधून पाहिला. धूर पार नागपूरकडं गेलेला. आपल्या कोल्हारवर आभाळ लख्ख.

मग ती कशानं रडत होती, आक्का? माझ्यासाठी, की बन्सीशी तिचं लग्न ठरवलंय म्हणून? तिलाच विचार. पण त्याआधी तो रुमाल परत करायला लाव.

तुझा कानिफ