आयानच्या शेरवानीची बाही

बदनापूर, मंगळवार संध्याकाळ

नुसती चिडचिड होऊन राह्यली. शुक्रवारी आयानचा खतना, तोही घरीच, सुंता करणाऱ्या म्हाताऱ्या खलिफाच्या वस्तऱ्यानं. माझ्या भावाचा दात काढला तेव्हा रक्त थांबता थांबेना, म्हणून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे आईकडून लेकाला येऊ शकतं. आधी बाळाचं रक्त तपासा, मंग दवाखान्यातच करा."

सासू म्हणते, "खलिफा का हात हलका है. आज तक किसी को कुछ हुआ क्या?"

भाऊ माझ्याकडचा, म्हणून धरायचाच न्हाई का?

नवरा म्हणे, दावत सांगून झाली. वरून शेरवानी दाखवत बसले. एवढ्याशा लेकराला शेरवानी. आज तिची बाही आखूड करायला आयानला घेऊन जालन्याला गेल्ते.

मी विचारलं, "टेलरच्या शेजारीच रक्त तपासायची लॅब आहे ना?"

म्हणाले, "हो, गाडी तिथंच लावल्ती."