सातव्या खंड्याचा आवाज

शनिवार, ता. ९

प्रिय ढब्बू,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे बरे आहोत, तूही बरा असावास. आमच्या ह्यांची अक्कलदाढ काढली, त्यामुळे चार दिवस घरात शांतता नांदते आहे. दुकान नेहमीसारखं. परवा एक गृहस्थ डोक्यावर चष्मा ठेवून ‘चष्मा हरवला, नवा करा’ म्हणत आले. मी त्यांना आधी नवा विकला आणि मग जुना दाखवला, असं हे सगळीकडे सांगत सुटलेत. खोटं आहे. आधी दाखवला.

पन्नाशीच्या माणसाला पत्रात ढब्बू म्हणू नये, असं तुझ्या बायकोचं म्हणणं. तिला सांग, हे नाव मी ठेवलं तेव्हा तू पाळण्यात होतास आणि ती जन्मायची होती.

आता मुद्द्याचं. काल पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला जाऊन सातवा ‘खंड्या’ पाहिला.

सिनेमा म्हणशील तर झकास आहे. कोसळता पूल, त्यावरून मागे मागे घसरणारी आगगाडी आणि डब्याच्या टपावर आपला हेर, सुटाला एक सुरकुती न पडू देता. माझं मत तुला ठाऊकच आहे. भागांवर भाग निघणाऱ्या सिनेमाचा पहिला भाग प्रेमाने बघायचा, दुसरा आशेने, आणि तिसऱ्यापासून नात्यापोटी. आमचे जावई त्या उडणाऱ्या, घट्ट पोशाखवाल्या वीरांचे भक्त. त्यांच्यात मेलेला माणूस पुढच्या भागात टुणकन परत येतो आणि सगळं जग पुन्हा वाचवावं लागतं. मी त्यांना विचारलं, एकदाच काय ते नीट वाचवता येत नाही का? आमचा खंड्या जगाच्या फंदात पडत नाही. एखादा माणूस वाचवतो, एखादा कागद पळवतो आणि घरी जाऊन एकटा जेवतो. सातव्यातही तेच आहे. फक्त मध्यंतरानंतरचा वाळवंटातला पाठलाग अर्धा कापायला हवा होता. जावयांना तोच आवडला, म्हणजे माझं बरोबरच असणार.

पण आवाज.

ढब्बू, मला काही कळत नाही असं नाही. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तुझं स्वरयंत्र काढलं तेव्हाच मी समजले होते, की आपल्या भाषेत सहा सिनेमे तुझ्या घशातून बोललेला खंड्या सातव्यात दुसऱ्या कुणाच्या तरी घशातून बोलणार. मनाची तयारी करून गेले होते. पण हा कुठला माणूस आणलाय? बॉम्बची वायर कापताना असा बोलतो, जणू गाडी फलाटावर लागते आहे, प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं. आणि वर चोर. खोटं बोलायच्या आधी खंड्या जो अर्धा श्वास घेऊन थांबतो, तो त्या परदेशी नटाचा नाही, तुझा आहे. आईसमोर तू तसाच थांबायचास आणि हमखास पकडला जायचास. तो श्वास ह्या माणसाने जसाच्या तसा उचललाय.

मला ते इतकं लागलं की शेवटची नावं सुरू होताच मी उठले. आजवर एकाही भागाला उठले नव्हते. झाडूवाली येऊन डोक्याशी उभी राहिली तरी आपल्या भाषेतल्या आवाजांची नावं येईपर्यंत मी खुर्ची सोडत नसे. तुझं नाव वाचायचं आणि मग चपला शोधायच्या. काल म्हटलं, आता कुणाचं नाव वाचायचंय.

घरी आले आणि स्टुडिओच्या मालकीणबाईंना सणसणीत पत्र लिहिलं, की पुढच्या भागाला हा माणूस नको. फलाटाचं वाक्यही घातलं. दुकानात येणाऱ्या खंड्याभक्तांनाही लिहायला सांगितलंय. समोर डोळे तपासायला बसलेला माणूस सहसा नाही म्हणत नाही. तुझ्या जागेची अशी थट्टा मी चालू देणार नाही, तू निश्चिंत राहा.

आणखी एक. तुझी बायको फोनवर रडकुंडीला आली होती. गळ्याला लावून बोलायचं ते यंत्र कपाटात पडून आहे म्हणे. बोलायला शिकवणाऱ्या बाईंकडे जातो म्हणून घरातून निघतोस, आणि त्या बाई सांगतात, आलेच नाहीत. घरात पाटीवर लिहून दाखवतोस, तेही मोजून मापून. जितका उशीर कराल तितकं अवघड जाईल, असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलंय. यंत्र लाव आणि बोल. दुसरं काही सुचत नसेल तर वाळवंटातल्या पाठलागावर बोल.

इस्पितळातून घरी गेलास त्यानंतर मी आले नाही, हे खरं. गुडघा होता, दुकानातला माल मोजायचा होता, मग ह्यांची दाढ आली. येईन.

तुझी,
ताई


बुधवार, ता. १३

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद. तुझा निरोप मोबाईलवर मिळाला. मी पानंच्या पानं लिहावीत आणि तू तीन शब्दांत आटपावंस: ‘शेवटपर्यंत बसली होतीस?’

म्हणून काल दुपारी दुकान ह्यांच्यावर सोपवून पुन्हा गेले. ह्यांनी तेवढ्यात एका बाईंना त्यांच्या सासूबाईंचा चष्मा देऊन टाकला, पण ते जाऊ दे. ह्या वेळी बसले. माझ्या रांगेत मी एकटीच. झाडूवाली ओळखीचं हसली. गाड्या चालवणाऱ्यांची, आग लावणाऱ्यांची, जेवण पुरवणाऱ्यांची नावं संपली आणि आपल्या भाषेतली पाटी आली. खंड्याचा आवाज म्हणून त्या माणसाचं नाव. त्याखाली आवाजाचं दिग्दर्शन, आणि तुझं नाव, आडनावासकट. मी चष्मा पुसून पुन्हा बघेपर्यंत ते वर निघून गेलं होतं.

बाहेर येऊन तुझ्या बायकोला फोन केला. तिलाही तू परवाच पाटीवर लिहून सांगितलंस म्हणे. म्हणजे शिकवणाऱ्या बाईंकडे न जाता तू स्टुडिओत जात होतास. काचेच्या अलीकडे उभा राहून त्याला हाताने बोलायला शिकवत होतास. मूठ मिटली की ओठ मिटायचे, तळवा उघडला की श्वास, बोट खाली आलं की आवाज खाली. पडद्यावरचे ओठ परके आणि शब्द आपले, तेव्हा ते ओठ कुठे मिटतात तिथेच आपला प, ब नाहीतर म पडला पाहिजे, हे तू मला कितीदा समजावलंयस. मीच आता शहाणपणा करत बसले. तो अर्धा श्वास चोरीचा नव्हता, तू आपल्या हाताने देऊ केलेला होता.

दुसऱ्यांदा ऐकताना तो माणूस मला तितका वाईट वाटला नाही. हे लिहिणं माझ्या जिवावर आलंय. बॉम्बच्या प्रसंगाबद्दल मात्र माझं मत कायम आहे.

आता खरी अडचण. मालकीणबाईंचा सकाळी फोन आला. माझ्यासारखीच आणखी पत्रं आलीत आणि सगळ्यांत तो फलाट आहे. सिनेमाच्या मूळ कंपनीपर्यंत बातमी गेली आणि त्यांनी विचारलंय, पुढच्या भागाला आवाज बदलायचा का. शनिवारी ठरवणार आहेत. ढब्बू, ती सगळी पत्रं माझ्या गिऱ्हाइकांची आहेत. जनतेचा आवाज म्हणून जो पोचला, तो मीच आहे. घाण मी केली, निस्तरेनही मीच. शनिवारी जाते.

पण तुला एक विचारते, रागावू नकोस. दुसऱ्याच्या तोंडात शब्द बसवायला तू दोन बस बदलून जातोस, मग स्वतःच्या तोंडाने काय घोडं मारलंय? हाताने काम भागतं म्हणून तू खूश आहेस. हाताने मुलीला मागून हाक मारता येत नाही. बायको स्वयंपाकघरात असली की तुझी पाटी तिला दिसत नाही. परवा दूध उतू जायला लागलं तेव्हा तू टाळ्या वाजवल्यास, असं ती हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

एवढी कळकळ आहे तर ताई घरी का आली नाही, असं तू विचारशील. त्याचं उत्तर समोर देईन.

तुझी,
तोंडाळ ताई


रविवार, ता. १७

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद. काल तू तिथेच होतास, तेव्हा काय झालं ते तुला सांगण्यात अर्थ नाही. पण माझ्या बाजूने ते कसं होतं हे तुला ठाऊक नाही, आणि समोर बसून ते मला सांगता येत नाही हे काल दिसलंच.

वाटेत मी भाषण तयार केलं होतं. चांगलं होतं. स्टुडिओतल्या त्या खोलीचं दार मागे बंद झालं आणि बाहेरचा सगळा आवाज कापल्यासारखा थांबला, तिथेच माझं पहिलं वाक्य हरवलं. भिंतींवर जाड फोम, स्टुलावर पाण्याची बाटली, काचेमागे रेकॉर्डिंगवाला, आणि तू. केवढा वाळलास रे. गळ्याला रुमाल बांधून तू माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

नवा खंड्या मला कुणीतरी अकडबाज माणूस वाटला होता. निघाला पोट सुटलेला, टक्कल पडलेला, खिशाला पेन लावलेला संसारी गृहस्थ. मालकीणबाईंनी ओळख करून दिली, हे बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करतात. ढब्बू, त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर मी भाडं देऊन आत शिरले असते. तोच बापडा हसला. म्हणाला, ताई, वीस वर्षं तेच बोलतोय, जिभेवरून उतरत नाही, तुम्ही बरोबर पकडलंत. मग मालकीणबाईंना म्हणाला, लोकांचं ऐका, सरांची जागा मला झेपायची नाही. सरांना आवडलं नसेल तरी ते मला कसं सांगणार?

त्यावर मी सुरू झाले. तू पाहिलंसच. पत्रं माझीच, गिऱ्हाइकं माझीच, सिनेमा मी दोनदा पाहिला, माणूस चांगला आहे. इथपर्यंत ठीक होतं. मग गाडी तुझ्यावर घसरली. आमच्या ढब्बूने किती सोसलंय, त्याला बोलता येत नाही म्हणून मला बोलावं लागतं, त्याच्या मनात काय आहे ते मला विचारा. माझ्या पाठीमागे पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मी थांबले नाही. मला वाटलं, पाटी काढतोयस.

“ताई, आता मी बोलतो.”

मी मागे वळले. यंत्र गळ्याला दाबून धरलं होतंस. एकेक शब्द सुटा करून तू म्हणालास:

“सहा मी केले. आठवा हा करील. मी शिकवीन. बॉम्बचा सीन सरावाला पुन्हा करू.”

मालकीणबाई म्हणाल्या, मग आठवा तुम्ही दोघं. नवा खंड्या खिशातलं पेन काढून उगाच त्याचं टोपण बघत राहिला. मी ‘दुकान उघडायचंय’ म्हणून निघाले. दुकान उघडंच होतं.

आता समोर जे देणार होते ते उत्तर. तो आवाज मला आवडला नाही, ढब्बू. खोटं कशाला बोलू. सपाट आहे, शेजारच्या घरात मिक्सर चालू असावा तसा. चार महिने मी ह्याच्याच भीतीने आले नाही. गुडघ्याला काही झालेलं नाही. वाटायचं, हा ऐकला की तुझा तो आवाज संपला हे मान्य करावं लागेल. नाही ऐकला तर तू आपला खंड्याच्या तोंडी कुठेतरी बोलतोच आहेस, असं धरून चालता येईल. सिनेमागृहात तेही गेलं. त्या बिचाऱ्या घोषणावाल्यावर मी धावून गेले ती त्यामुळे. तुझ्यावर पाटीचा राग काढत होते आणि मी स्वतः कान बंद करून बसले होते.

एक कोडं मात्र मला रात्रभर सुटलं नाही. त्या यंत्राला चढउतार नसतो, सूर नसतो, असं तुझे डॉक्टर म्हणाले होते. मग काल ‘ताई’ म्हणालास त्यात तो वैताग कुठून आला? लहानपणापासून माझं बोलणं लांबलं की तू ज्या वैतागाने ‘ताई’ म्हणतोस, तोच होता, कणभरही इकडे तिकडे नाही. यंत्रात तो भरून मिळत नसणार. तो तुझ्यापाशी शिल्लक आहे म्हणजे बाकीचंही असेल.

हे पत्र मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्या शिकवणाऱ्या बाईंकडे जा. मी बरोबर येते. बाईंनी हाकलेपर्यंत आत बसेन.

ह्या पत्राला पाटीवर किंवा मोबाईलवर उत्तर लिहू नकोस. फोन कर. मी उचलेन आणि हॅलोसुद्धा म्हणणार नाही. तुला सुरुवात करायला लागेल तेवढा वेळ घे.

तुझी,
ताई